माल सोडला म्हणजे नेमकं काय केलं

बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी गेली अठरा वर्षं कागद लिहिते. कुठलं यंत्र कसं सुरू करायचं, ड्रम कसा धुवायचा, काही सांडलं तर आधी कुणाला हाक मारायची, हे पायरीपायरीने लिहायचं, त्यावर सह्या घ्यायच्या आणि फाइलला लावायचं. सकाळी पालघरहून कंपनीची बस, संध्याकाळी त्याच बसने परत. बाहेरून तपासणीला माणसं येणार असली की चार दिवस सगळे माझ्या टेबलाशी गर्दी करतात. ती माणसं गेली की मी पुन्हा झेरॉक्स मशीनच्या शेजारची बाई होते. त्याची सवय झाली होती. गेल्या वर्षी जे झालं त्याची मात्र अजून झालेली नाही.

आमच्या प्लँट मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोरच्या लॅपटॉपवर पुण्याचा सॉफ्टवेअरवाला होता. माणूस नम्र, पण दर वाक्यानंतर हसायची सवय. मॅनेजर म्हणाले, “मॅडम, गोदामासाठी आपण एआय एजंट आणतोय. लोकांनी नुसतं टाइप करायचं, काय हवं ते. पुढचं तो करणार. तुम्ही फक्त टूल्सची वर्णनं लिहून द्या. दोन-दोन ओळी. शुक्रवारपर्यंत.”

मी विचारलं, “टूल म्हणजे काय आणि वर्णन कुणासाठी?”

सॉफ्टवेअरवाल्याने सांगितलं ते मला पटकन समजलं. गोदामाच्या आपल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जी कामं होतात, साठा बघणं, ड्रम राखून ठेवणं, भरणीची, म्हणजे ट्रकमध्ये माल चढवायची, चिठ्ठी काढणं, त्यातली अकरा कामं एजंटच्या हाती देणार होते. अशा एकेका कामाला ते टूल म्हणत होते. एजंटला आपला प्रोग्रॅम आतून दिसत नाही. त्याला दिसतं फक्त टूलचं नाव आणि त्याखाली आपण लिहिलेलं वर्णन. माणसाने काही सांगितलं की तेवढ्यावरून तो ठरवणार, अकरांपैकी कुठलं टूल उचलायचं आणि त्यात काय भरायचं.

“म्हणजे नवीन माणूस कामावर घेतला, त्याला गोदाम दाखवलं नाही, आणि हातात माझा कागद दिला,” मी म्हटलं.

“एक्झॅक्टली, मॅडम!” तो हसला. “पण तो खूप स्मार्ट आहे. समजून घेतो.”

यादी घेऊन मी टेबलाशी बसले आणि पहिल्याच तासात अडले. एका टूलचं नाव होतं ‘मटेरियल रिलीज’. दुसऱ्याचं ‘अनब्लॉक’. दोन्हींत फरक काय, हे मी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, ती नावं तुमच्या जुन्या सिस्टीममधूनच आली आहेत. आम्ही फक्त जोडली.” आमच्या संगणक विभागात विचारलं तर ते म्हणाले, प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कधीच सोडून गेला, तुम्ही स्टोअरला विचारा.

स्टोअरला म्हणजे गोदामातल्या काकांना. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या घरातले. भावांच्या होड्या अजून समुद्रात जातात, हे मात्र तरुणपणीच कारखान्यात आले ते इथेच राहिले. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. संगणकाला ते एका बोटाने हात लावत, पण कुठल्या रांगेत कुठला ड्रम आहे ते डोळे मिटून सांगत. मी त्यांना म्हटलं, “काका, माल सोडला म्हणजे नेमकं काय केलं?”

“कोणता सोडला, बाय?” त्यांनी मलाच विचारलं. “सोडायचं दोन तऱ्हेचं हाय. लॅबने तपासून पास केला, पिवळी चिठ्ठी काढून हिरवी लावली, ते पन सोडलं. आन एका गिऱ्हाइकासाठी बाजूला ठेवलेला माल त्याची ऑर्डर मोडली म्हनून मोकळा केला, ते पन सोडलं. आमी तोंडाने दोन्हीला सोडलंच म्हणतो. समोर माल दिसतो ना, म्हनून घोटाळा नाय होत.”

दोन दिवस मी त्यांच्यामागे वही घेऊन फिरले. पिवळ्या चिठ्ठीचा माल, म्हणजे ज्याची तपासणी व्हायची आहे असा, गिऱ्हाइकासाठी आधीच राखून ठेवता येतो हेही मला तेव्हाच कळलं. म्हणजे एकाच ड्रमवर दोन बंधनं असू शकतात. एक लॅबचं, एक ऑर्डरचं. ‘मटेरियल रिलीज’ पहिलं काढतं, आणि तेही एका ड्रमचं नव्हे, अख्ख्या बॅचचं. ‘अनब्लॉक’ दुसरं काढतं. गोदामात मात्र सगळे दुसऱ्यालाच ‘माल रिलीज कर’ म्हणतात.

हे सगळं मी लिहिलं. वर्णनं इंग्रजीत द्यायची होती, पण आशय हा असा: हे टूल अख्ख्या बॅचला लॅबची मंजुरी लावतं; लॅबचा मंजुरी क्रमांक हातात असेल तरच वापरावं; ऑर्डर रद्द झाली म्हणून माल मोकळा करायचा असेल तर हे वापरू नये, ‘अनब्लॉक’ वापरावं; लोक दोन्हीला रिलीज म्हणतात, म्हणून शंका आली तर आधी विचारावं; एकदा केलेलं इथून उलटवता येत नाही. अकरा टूल्सचे सहा कागद झाले. शुक्रवारी दुपारी मी ते पाठवले आणि मला खरंच बरं वाटलं.

सोमवारी मॅनेजरांनी बोलावलं. माझे कागद त्यांच्या टेबलावर होते, आणि त्यांवर लाल पेनाच्या आडव्या रेघा.

“मॅडम, हे एवढं कोण वाचणार?”

“सर, तो वाचणार. त्याच्यासाठीच आहे.”

लॅपटॉपमधून सॉफ्टवेअरवाला म्हणाला, “मॅडम, छान आहे, पण लांब आहे. प्रत्येक वेळी हे सगळं वाचायला त्याला वेळ लागतो. आणि कधी वापरू नये वगैरे लिहायची गरज नसते. एआयचं मॉडेल समजून घेतं.”

“कशावरून घेतं? गोदामातल्या माणसाला सोडणे म्हणजे काय ते समोर ड्रम बघून समजतं. याच्यासमोर काय आहे?”

मॅनेजरांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, “आपण साधं ठेवू. नंतर वाढवता येईल.” त्यांनी माझ्यासमोरच छोटी यादी करायला लावली. ‘मटेरियल रिलीज’समोर आलं: माल रिलीज करतो. ‘अनब्लॉक’समोर: माल मोकळा करतो. मी म्हटलं, सर, या दोन ओळींचा अर्थ एकच होतो. ते म्हणाले, “नावं वेगळी आहेत ना?”

इथे मी एक गोष्ट केली, जी आठवली की अजून माझा मलाच राग येतो. मी सही केली. ‘वर्णन तयार करणारी व्यक्ती’ या रकान्यात माझं नाव छापलेलंच होतं, आणि मी पेन काढून खाली सही ठोकली. बस सुटायची वेळ झाली होती, डोकं दुखत होतं, आणि मनात म्हटलं, जाऊ दे, यांचं हे बघून घेतील. अठरा वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आले की न पटलेल्या कागदावर सही करू नका.

एजंट सुरू झाला. पहिले काही आठवडे सगळे खूश होते. अमुक माल किती आहे असं टाइप केलं की लगेच उत्तर येई. मॅनेजर मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “बघा मॅडम, उगाच घाबरत होतात.” मी हसले. काय करणार?

मग तो दिवस आला. सकाळी अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. गोदामातून काका बोलत होते. मागे ट्रकचा हॉर्न सारखा वाजत होता.

“बाय, जरा खाली ये. ड्रमावर पिवळी चिठ्ठी हाय, आन कागद म्हणतो पास. मी गाडी नाय भरत.”

मी धावतच गेले. गोदामाच्या माल चढवायच्या धक्क्याला ट्रक मागे लावून उभा होता. फोर्कलिफ्टवर चार ड्रम उचललेले, आठ खाली. बाराही ड्रमांवर पिवळ्या चिठ्ठ्या. काका फोर्कलिफ्टच्या पुढ्यात उभे होते, हात मागे बांधून, आणि हलत नव्हते. डिस्पॅचचा सुपरवायझर त्यांच्यावर ओरडत होता. हा उत्तरेकडून आलेला, बोईसरमध्ये दहा वर्षं काढलेला माणूस, कामाला चोख. “काका, सिस्टम में पास है! चिट्ठी बदलना भूल गए होंगे लॅबवाले!”

“भुलले असतील तर येऊन बदलतील,” काका म्हणाले. “तवर उभी राहू दे गाडी.”

मी लॅबला फोन लावला. लॅबमधल्या बाईंनी नोंद बघितली आणि त्यांचा आवाजच बदलला. “ही बॅच आम्ही पास केलेली नाही. नमुना अजून मशीनवर आहे. कुणी केली पास?”

ट्रक रिकामा बाजूला घेतला. काय घडलं होतं ते दुपारपर्यंत आम्हाला उलगडलं. एका गिऱ्हाइकाची आठ ड्रमची ऑर्डर रद्द झाली होती. सुपरवायझरने सकाळी एजंटला लिहिलं होतं, “कॅन्सल ऑर्डर का माल रिलीज कर दो.” एजंटने आपल्या अकरा टूल्सची यादी बघितली. रिलीज हा शब्द एकाच टूलच्या नावात होता आणि त्याच्याच वर्णनात होता. त्याने तेच उचललं. त्या ऑर्डरचे ड्रम ज्या बॅचमधले होते, ती अख्खी तीस ड्रमची बॅच लॅबने पास केल्याची नोंद झाली. दुसरं एक गिऱ्हाईक याच मालाची वाट बघत होतं, त्यामुळे पास माल दिसताच जुन्या प्रोग्रॅमने आपोआप बारा ड्रमची भरणीची चिठ्ठी काढली. आणि जे आठ ड्रम मोकळे करायला सांगितलं होतं, ते त्या रद्द ऑर्डरच्या नावाने तसेच अडकून होते. वर एजंटचं उत्तर होतं: काम झालं, माल रिलीज केला आहे.

दुसऱ्या दिवशी चौकशीची बैठक झाली. सुरुवातीला सगळे एजंटला नावं ठेवत होते. एआय आहे, चुकणारच, वगैरे. मग सॉफ्टवेअरवाल्याने पडद्यावर ती यादी उघडली आणि या वेळी न हसता म्हणाला, “आम्ही लॉग तपासला. एजंटने त्याला मिळालेल्या वर्णनानुसारच काम केलं आहे. वर्णन पुरेसं स्पष्ट नव्हतं.” यादीच्या तळाशी माझी सही होती. खोलीतल्या सगळ्यांनी आधी ती बघितली, मग मला.

मी पिशवीतून माझे सहा कागद काढले, लाल रेघांसकट. मटेरियल रिलीजचं पान उघडून मोठ्याने वाचलं. ऑर्डर रद्द झाली म्हणून वापरू नये, हे वाक्य दोनदा वाचलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

मॅनेजर म्हणाले, “मॅडम, ते आता काढून काय उपयोग? कुणाची चूक हे आपण शोधत नाही आहोत.”

मिनिटापूर्वी तेच शोधणं चाललं होतं.

त्याहून चिडायची वेळ चार दिवसांनी आली. लॅबचा निकाल लागला आणि बॅच पास झाली. माल उत्तम होता. मॅनेजर खूश होऊन माझ्या टेबलाशी आले. “बघा, काहीच झालं नसतं. उगाच गाडी परत गेली.” मी त्यांना म्हटलं, “सर, माल चांगला होता हे आपल्याला आज कळलं. गाडी त्या दिवशी भरत होती.” ते मान हलवून निघून गेले. त्या संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्याने साधं विचारलं, चहा टाकू का, तर मी त्याच्यावरही खेकसले. मग दोघांनी गॅलरीत बसून चहा घेतला आणि मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटी तो म्हणाला, “मग आता पुन्हा लिहायचं कुणी?”

मीच लिहायचं होतं, दुसरं कोण! पण या वेळी मी एक अट घातली. चार दिवस गोदामात बसू द्या आणि लोक प्रत्यक्ष जे टाइप करतात ते मला वाचू द्या. सॉफ्टवेअरवाल्याने मात्र चांगुलपणा दाखवला. आलेले सगळे संदेश त्याने छापून पाठवले.

लोक लिहीत होते: “कलवाला माल भेज दो.” “त्या गाडीचं काय झालं.” कुणी बॅचचा क्रमांक लिही, कुणी ऑर्डरचा, आणि दोन्ही आकडे सहा अंकी. कुणी वीस लिही, ते वीस ड्रम की वीस किलो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. सगळ्यात वाईट निघालं ते साठा बघायचं टूल. माल संपलेला असला तरी ते रिकामं उत्तर देई, आणि जुना प्रोग्रॅम बंद पडलेला असला तरीही रिकामंच. एजंट दोन्ही वेळा बिनधास्त सांगे, माल शिल्लक नाही. मला आठवलं, मागच्याच महिन्यात रांगेत माल असताना आम्ही तो नव्याने मागवला होता आणि दोष काकांच्या मोजणीवर गेला होता.

मी पुन्हा लिहायला घेतलं. प्रत्येक टूलखाली: हे काय बदलतं, कशाला हात लावत नाही, कुठला आकडा लागतो आणि तो कसा दिसतो, परिमाण कोणतं, उत्तर रिकामं आलं तर काय समजावं, आणि लोक याला तोंडी काय काय म्हणतात. काका शेजारी स्टुलावर बसून ऐकत. इंग्रजी वाक्य मी मराठीत करून वाचलं की ते म्हणत, “असं नाय बोलत कोनी,” आणि मग लोक कसं बोलतात ते सांगत. लिहिलेलं तपासायला आम्ही खऱ्या नोंदींना धक्का लागणार नाही अशी वेगळी जागा मागून घेतली होती. काकांनी एका बोटाने टाइप केलं, “ऑर्डर मोडली, माल सोड.” एजंटने उलट विचारलं, कोणत्या ऑर्डरसाठी राखलेला माल मोकळा करायचा आहे? ऑर्डर क्रमांक सांगा. काका माझ्याकडे बघून हसले. त्या सगळ्या महिन्यांत मी मनापासून हसले ती तेवढीच वेळ.

‘मटेरियल रिलीज’वर मात्र माझे दोन दिवस गेले. किती लिहिलं तरी भीती जाईना. कुणी असं म्हणालं तर, कुणी तसं म्हणालं तर, असं करत ते एकच वर्णन दीड पान झालं. काकांना वाचून दाखवलं.

“बाय, येक इचारू? लॅबचं काम ह्याच्या हातात दिलं कशाला?”

लॅब आपली मंजुरी स्वतःच्या संगणकावरून लावते. गोदामातल्या माणसाला, अगदी काकांनाही, तो अधिकार कधीच नव्हता. एजंटला तो मिळाला, कारण जोडणी करताना सोपं पडावं म्हणून त्याला सगळ्या अधिकारांचं लॉगिन दिलं होतं, आणि प्रोग्रॅममध्ये जे काही सापडलं ते यादीत टाकलं होतं. मॅनेजरांनी विचारलं नाही, सॉफ्टवेअरवाल्याने विचारलं नाही. आणि मीही नाही. जे टूल तिथे असायलाच नको होतं, ते नीट शब्दांत मांडायच्या नादात मी दोन दिवस घालवले होते. दुसऱ्यांवरचा राग सोपा होता. हा गिळायला जड गेला.

पुढच्या बैठकीत मी तो कागद पुढे केलाच नाही. म्हटलं, हे टूल काढून टाका. सॉफ्टवेअरवाला लगेच हो म्हणाला, त्याचं पाच मिनिटांचं काम होतं. मॅनेजर म्हणाले, “मग आधी का नाही सांगितलंत?” मी सांगितलं, “हे मला सुचलं नाही. काकांनी विचारलं.” नोंदीत तसं लिहा, असंही सांगितलं. बैठकीचा जो वृत्तांत फिरला त्यात होतं: टीमने आढावा घेऊन सुधारणा केली. काकांचा उल्लेख नव्हता. मी फोन करून दुरुस्ती मागितली. आता पत्रक गेलं, असं उत्तर आलं.

काका निवृत्त झाले. आता गोदामात दोन नवीन माणसं आहेत. एजंट बरा चालतो, विचारायचं तिथे विचारतो. लोक तक्रार करतात की हल्ली प्रश्न फार विचारतो. करू देत.

गेल्या आठवड्यात देखभाल विभागाची यादी आली आहे. तेवीस टूल्स. त्यात एक पंप थांबवायचं आहे आणि एक वाफेचा व्हॉल्व्ह उघडायचं. मी मॅनेजरांना लिहिलं की आधी यातली कुठली एजंटला द्यायचीच नाहीत ते ठरवू, वर्णनं मग लिहीन. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही सुरुवात तर करा, ते समांतर बघू.” मी सुरुवात केलेली नाही. रोज सकाळी बसमधून उतरले की वही घेऊन पंपघरात जाते आणि तिथल्या फिटरला विचारते, ‘पंप बंद केला’ असं तुम्ही काय काय केल्यावर म्हणता? आतापर्यंत चार वेगवेगळे अर्थ निघाले आहेत, आणि माझ्या पत्राला अजून लेखी उत्तर नाही.